पुठ्ठ्याच्या कारखान्याची अक्षत

शनिवारनंतर रविवार येतो एवढं एक सोडलं, तर माझ्या मामेसासऱ्यांनी जगातली कुठलीच गोष्ट कधी कुणाच्या सांगण्यावरून खरी मानली नाही. आणि रविवारचंसुद्धा ते किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर एकदा आणि शाळेच्या फळ्यावर एकदा बघून घेत. माझ्या बायकोचे हे थोरले मामा. राहणार सोनई, व्यवसाय शेती, आणि उरलेला सगळा वेळ संशय. एस.टी. स्टँडवर आले की ही गाडी श्रीरामपूरला जाते का, हे आधी कंट्रोलरला विचारायचे, मग कंडक्टरला, मग ड्रायव्हरला. तिघांनीही हो म्हटलं की त्यांचा संशय उलट बळावायचा, कारण तिघांचं एकमत म्हणजे काहीतरी आधी ठरवून ठेवलेलं असणार. मग गाडीत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारायचे. तीही श्रीरामपूरलाच निघालेली असली, तर तिच्या शेजारी बसून हळूच म्हणायचे, "आजी, नीट चौकशी केली हाय ना? न्हाईतर आपुन दोघं बी चुकीच्या गाडीत." ती बिचारी मग उतरेपर्यंत जीव मुठीत धरून बसायची.

मी श्रीरामपुरात वकिली करतो. मामा आमच्याकडे आले, की बायकोनं पुढं ठेवलेला चहाचा कप आधी माझ्याकडे सरकवणार आणि माझा उचलणार. आता मी कशाला त्यांच्या चहात काही घालीन? एकदा मी चिडून तसं विचारलंही. तर शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर न्हाई हो जावईबापू, साखरंवर हाय." साखर त्यांच्याच उसाची, त्यांच्याच भागातल्या कारखान्याची, पण मधे पोतं कुठं कुठं उतरलं असेल हे कोण सांगणार? कुलूप लावलं की ते ओढून बघायचे हे तर झालंच, पण मामा दुसऱ्यांचीही कुलपं ओढून बघायचे. श्रीरामपूरच्या बाजारपेठेतून रविवारी त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे माझ्या अब्रूचा प्रश्न असे. बंद दुकान दिसलं की मामा कुलपाला एक हिसका देणारच, आणि समोरच्या हॉटेलातली माणसं माझ्याकडे बघणारच. पत्र आलं तर पाकीट फोडण्याआधी ते उन्हात धरून आरपार बघत. आणि सही! सहीच्या वर बोटभर जरी जागा सुटलेली दिसली, तरी तिथं आडवी रेघ मारल्याशिवाय मामा सही करत नसत. मागं कोणी चार ओळी घुसडल्या म्हणजे? कागद उलटा करून मागची कोरी बाजूही रेघ मारून बंद करत. त्यांचे सगळे कागद त्यामुळे नांगरलेल्या शेतासारखे दिसत.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी खरोखरच वकील आहे का याची खात्री करायला मामा कोर्टात येऊन बसले होते. मला पत्ताच नाही. मागच्या बाकावर पटका बांधून बसलेला हा माणूस कुठल्या दाव्यातला, असा मला प्रश्न पडला होता एवढंच आठवतं. त्या दिवशी माझा एक साधासुधा बांधाचा दावा होता आणि तो मी साफ हरलो. संध्याकाळी मामांनी सासऱ्यांना जाऊन सांगितलं, "पोरगा वकील खरा हाय. खोटा असता तर जिकला असता." या शिफारशीवर माझं लग्न झालं. आजही कोर्टाच्या बाररूममधले मित्र मला ते वाक्य ऐकवतात, आणि त्यावर उलटतपासणी करावी असं त्यात काही नाही.

आणि अशा माणसाला बायको कुठली मिळाली असेल? शिंगणापूरची. सोनईहून उठावं आणि गप्पा मारत चालत जावं एवढं ते जवळ. पण सोनईत दाराला कडी, कडीला कुलूप, आणि शिंगणापुरात मुळात दारच नाही. मामी ज्या घरात वाढल्या त्याच्या चौकटीला फक्त एक पडदा होता, तोही कुत्रं आत येऊ नये म्हणून. लग्न होऊन आल्यावर मामांनी त्यांना मोठ्या गंभीरपणे कुलूप लावायला शिकवलं. मामींनी ते लावलं, आणि किल्ली त्याच दाराशेजारच्या खुंटीवर अडकवून त्या विहिरीवर गेल्या. कुणाला आत जायचं असलं तर खोळंबा नको. मडकी विकणारा दारात आला, तर मामी त्याला म्हणायच्या, जरा घराकडं बघ हं, मी दळण घेऊन येते. कासारणीला म्हणायच्या, तूच सांग काय द्यायचं ते. मामी पुढं जायच्या, विश्वास टाकत टाकत, आणि मामा मागून तो गोळा करत यायचे: मडकंवाल्याची टोपली बघ, कासारणीला भाव विचार, किल्ली खुंटीवरून काढ. पण मामींना ते एका शब्दानं बोलल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. मला वाटायचं, हा माणूस बायकोला घाबरतो. तेवढंच माझं शहाणपण.

तर सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. आमच्या भागात एक जीप फिरू लागली. वर कर्णा, आत पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले एक शेठ आणि हातात गुळगुळीत माहितीपत्रकं. उसाचं चिपाड वाया जातं, त्याचा पुठ्ठा करायचा, मुंबईच्या बाजारात विकायचा, त्यासाठी कंपनी काढायची, आणि तिचे शेअर गावोगावच्या शेतकऱ्यांनी घ्यायचे. आता शेअर म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला साखर कारखानाच आठवतो. शेअर घेतला की आपण सभासद. वर्षातून एकदा सभा. तिथं लहान-मोठ्या सगळ्यांचा हात सारखाच. आधी हजेरीच्या कागदावर अंगठा द्यायचा, मग हात वर करायचा, मग बुंदी खायची. लोकांना वाटलं, हाही तसलाच. मी दोघा-चौघांना सांगून बघितलं की बाबांनो, ही सोसायटी नाही, ही कंपनी आहे, इथं हात मोजत नाहीत, शेअर मोजतात. ज्याचे शेअर जास्त त्याचं मत मोठं. तर ते म्हणाले, वकील लोकांना सगळीकडं भांडणच दिसतं.

मामांनी ते माहितीपत्रक महिनाभर वाचलं. शेवटी निर्णय दिला की कागद लई गुळगुळीत हाय, आणि ते गोठ्यातल्या खिडकीला चिकटवून टाकलं. पण एके दुपारी ते शेतात असताना ती जीप नेमकी त्यांच्याच दारात तापून उभी राहिली. शेठनी पाणी मागितलं. मामींनी गूळपाणी दिलं, घामाघूम झालेल्या ड्रायव्हरलाही दिलं. शेठ म्हणाले, वहिनी, कारखाना तुमचाच समजा. झालं. दुसऱ्या दिवशी मामींनी माहेरच्या पाटल्या सोनाराकडे दिल्या आणि स्वतःच्या नावावर शेअर घेतले. त्यांचं म्हणणं, पाटल्या हातात वाजतात तेवढंच, कारखाना चालला तर गावातल्या पोरांना काम लागेल.

मला वाटलं आता सोनईत रणकंदन होणार. तर मामा शेअरचा कागद टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आले आणि म्हणाले, ह्यो खरा हाय का ते बघा. खरा होता. शिक्का खरा आहे का? होता. कंपनी खरी आहे का? मला मुंबईच्या कंपनी निबंधकाला पत्र लिहायला लावलं. तिकडून उत्तर आलं की होय, अशी कंपनी रीतसर नोंदलेली आहे. मामांनी ते उत्तर उन्हात धरून बघितलं. मग कारखान्याचं धुराडं उभं राहू लागलं तेव्हा सायकलवरून तिथं जाऊन विटांवर काठी वाजवून आले. पोकळ असतील तर? ते पेटल्यावर वॉचमनला गाठून विचारलं, की हा धूर कारखान्याचा आहे, की लोकांना दाखवायला नुसत्या गोवऱ्या जाळता? तो वॉचमन पुढं कितीतरी दिवस मामांना सरकारी माणूस समजून सलाम करायचा. मामींचं मात्र सगळं सरळ होतं. एस.टी. त्या वळणावर आली की त्या शेजारच्या बाईला सांगायच्या, "त्यो बघ आमचा कारखाना." मामा तेव्हा पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

मग दुष्काळ आला. ऊस गेला, त्याबरोबर चिपाड गेलं, आणि धुराडं थंड झालं. अशात एके सकाळी मामा माझ्या ऑफिसात आले. टॉवेल सोडला. आतून एक छापील नोटीस निघाली आणि एक पेढा निघाला. पेढा त्यांनी माझ्या टेबलावर, भारतीय पुराव्याच्या कायद्यावर ठेवला. म्हणाले, कंपनीचा कारकून आला होता, घरोघर पेढा वाटतोय, आणि एका कागदावर अंगठे घेतोय. कागदावर रेव्हेन्यूचं तिकीटसुद्धा आधीच लावलेलं. "आपल्या खर्चानं तिकीट लावून देनारा मानूस मी अजून बघितला न्हाई," मामा म्हणाले. "त्यात दुष्काळात पेढा. तुमी वाचा."

मी वाचलं आणि मामांच्या संशयाला मनातल्या मनात नमस्कार केला. सभा होती, आणि तीत ठराव होता की तोट्यातला कारखाना मुंबईच्या एका पार्टीला विकून टाकावा. किंमत अशी, की नुसतं धुराडं मोडून विटा विकल्या असत्या तरी जास्त आले असते. ती पार्टी म्हणजे शेठचा मेहुणा, असं कोर्टाच्या आवारात उघड बोललं जात होतं. खरंखोटं मला माहीत नाही, पण ऐकून मला नवल वाटलं नाही. आणि ज्यावर अंगठे घेत होते तो कागद हजेरीचा नव्हताच. तो मुखत्याराचा होता: माझ्या वतीनं शेठच्या अमुक माणसानं सभेत मत द्यावं, असा. शेठच्या गोटातले शेअर निम्म्याहून कमी होते, पण शेतकऱ्यांचे अंगठे त्यांच्या बाजूला मोजले की काम फत्ते. लोकांना वाटलं, साखर कारखान्यासारखी हजेरी लागली, आता जेवायलाच जायचं. मामींनीही अंगठा दिला होता, आणि मिळालेला पेढा स्वतः न खाता मामांसाठी ठेवला होता.

मी मामांना सांगितलं की अजून सगळं गेलेलं नाही. सभासद जातीनं सभेला हजर राहून स्वतः मत देऊ लागला, की त्यानं दिलेला तो कागद रद्दी. म्हणजे लोकांना सभेला आणलं पाहिजे, सगळ्यांना, आणि त्यांनी आपलं मत आपण दिलं पाहिजे. मामांनी पेढा पुन्हा टॉवेलात बांधला. मग म्हणाले, "मला फशिवलं असतं तर काय न्हवतं. मी तयारच असतोय. पन तिला कळलं, तर ती उद्यापास्नं दारात आलेल्या मानसाकडं कशी बघंल? ती माझ्यासारखी बघाया लागली तर?" आणि उठता उठता मला बजावलं, "तिला ह्यातलं काय सांगायचं न्हाई." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस आयुष्यभर दोघांच्या वाटचा संशय एकटा घेत आला आहे, दुसऱ्याला घ्यावा लागू नये म्हणून.

आता गंमत बघा. ज्यानं जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, त्याला गावोगाव जाऊन म्हणायची पाळी आली की माझ्यावर विश्वास ठेवा. मामा सायकल घेऊन निघाले. कडक ऊन, रस्त्याला सावली नाही, आणि जिथं जावं तिथं एकच प्रश्न: ह्यात तुमचा काय फायदा? काही म्हणाले, म्हातारा शेठवर खार खाऊन आहे. काहींना वाटलं, मुंबईच्या दुसऱ्याच कुठल्या पार्टीनं मामांना हाताशी धरलं आहे. एका गावात त्यांचे तालमीतले जुने दोस्त होते, त्यांनी तर पाणी दिलं, पान दिलं आणि मग सरळ तोंडावर सांगितलं, "कुनावर इस्वास ठिवू नगा म्हनून जल्मभर तुमीच सांगितलं. मंग तुमच्यावर तरी का ठिवायचा?" ते तर मामांचंच म्हणणं होतं. ते माझ्याकडे आले आणि त्या दिवशी त्यांनी समोर आलेला चहा कप न बदलता पिऊन टाकला. माझी बायको मला आत बोलावून म्हणाली, मामांना बरं नाहीये का?

तिनंच मग तो विषय काढला. म्हणाली, मामांचं कोणी ऐकत नसेल, पण मामींना आजवर कोणी नाही म्हटलंय का? मामा दचकलेच. मामींना पाठवायचं म्हणजे मामींना सगळं सांगायचं, आणि तेच तर करायचं नव्हतं. मामा तसेच सोनईला निघाले. पण संशयी माणसाचं डोकं एकदा कुणाला तरी गंडवायला बसलं की कुणाला ऐकत नाही. रात्रीच्या जेवणावर त्यांनी मामींना सांगितलं की शेठ बिचारा थकलाय, दुष्काळानं खचलाय, कारखाना विकतो म्हणतोय. त्याला धीर द्यायला सगळ्या सभासदांनी गेलं पाहिजे. पण त्या खुळ्यानं लोकांना नुसत्या छापील कागदावर बोलावलंय. कागदावर कुठं माणसं येतात? अक्षत नको का द्यायला?

मामींना ते लगेच पटलं. लग्नकार्याला हळदकुंकवाची अक्षत हातावर ठेवून बोलावलं, की मग न जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. आजारी माणूससुद्धा गाडीत घालून नेतात. मामींनी तांदूळ रंगवले, वाटी पदराखाली घेतली, आणि नेवासा तालुक्यातली किती गावं पालथी घातली देव जाणे. पुढं मामी, मागं सायकल हातात धरून मामा, गावाबाहेर थांबणारे. आपलं तोंड दिसलं तर काम बिघडेल म्हणून. मामींनी प्रत्येक दारात एकच सांगितलं: आपल्या कारखान्याची सभा हाय, घरच्या मानसांनी जातीनं यायचं, जेवायच्या आधी. कंपनी कायद्यात सभेची नोटीस कशी द्यावी यावर बरीच कलमं आहेत, पण अक्षतीला तोड असं त्यात एकही कलम नाही. जिथं मामांना ह्यात तुमचा काय फायदा म्हणाले होते, तिथं मामींना विचारलं, लुगडं कुठलं नेसायचं?

सभेच्या दिवशी कारखान्याच्या आवारात मांडव होता आणि बैलगाड्यांची ही रांग. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, पण मला तो नीट दिसला नाही, कारण मी बाहेर होतो. मी सभासद नव्हतो आणि मामाही नव्हते; त्यांच्या नावावर एक शेअर असेल तर शपथ. दारावरच्या माणसानं आम्हाला अडवून पुरावा मागितला. मामा खूश. एवढ्या वर्षांत त्यांना मनापासून आवडलेला हा पहिला माणूस. आम्ही दोघं मग कनातीच्या फटीतून बघत उभे राहिलो. मामांच्या हातात मामींच्या वहाणा होत्या, कारण मांडवात जाताना मामींनी त्या लग्नासारख्या बाहेर काढून ठेवल्या, आणि तिथं ठेवलेल्या वहाणांवर मामांचा कसा विश्वास बसणार?

ठराव वाचला गेला. हात वर करायला सांगितले तेव्हा सगळे शेतकरी विकायच्या विरुद्ध. शेठ हसले आणि म्हणाले की शेअरप्रमाणे मतं मोजू, आणि टेबलावर अंगठ्यांच्या कागदांचा गठ्ठा ठेवला. मांडवात कुजबुज झाली. मग मामी उठल्या. मामांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं. शेठ गोड आवाजात म्हणाले की वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता, तुमचा अंगठा आहे ना आमच्याजवळ.

मामी म्हणाल्या, "अंगठा दिलाय, खरं हाय. पन अंगठ्यामागं मी बी आलेय न्हवं. शेठ, धीर सोडू नका. एका सालाला पानी न्हाई आलं, म्हनून कुनी रान टाकून जातं व्हय? आमी सगळी हाओत तुमच्या मागं."

शेठनी गठ्ठा जवळ ओढला. कोणी चोर म्हटलं असतं तर चवताळून उठता आलं असतं. टेबलाशी नगरचे एक हिशेब तपासनीस बसले होते, कोरडा माणूस. शेठनी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की सभासद समक्ष आहेत आणि स्वतः मत देतायत, तर हे कागद धरता येणार नाहीत. मग मतपत्रिका, शाई, एकेक अंगठा. दुपार कलली, बुंदी गार झाली, आणि बुंदीत काही घातलं असेल का हा मामांचा प्रश्न मला सारखा ऐकावा लागला. ठराव पडला. तसं जाहीर होताच मागच्या रांगेतल्या कुठल्या तरी म्हाताऱ्यानं मामींनी दिलेल्या अक्षता खिशातून काढून सवयीनं उधळल्या, आणि मग सगळ्यांनीच उधळल्या. शेठच्या टोपीवर तांदूळ पडले. पुढच्या हंगामात ऊस आला, धुराडं पेटलं, आणि शेठना झक मारत कारखाना चालवावा लागला. एस.टी.त मामी पुन्हा शेजारणीला म्हणू लागल्या, त्यो बघ आमचा कारखाना. मामा अजूनही पलीकडच्या खिडकीतून बघायचे, पण आता मान किंचित इकडं असायची.

त्यानंतर मामी फार राहिल्या नाहीत. दुखणं थोडक्यात आटोपलं. शेवटच्या दिवसांत माझी बायको सोनईला होती. एका दुपारी मामा औषधाच्या बाटलीवरचं लेबल पडताळायला डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा मामी तिला म्हणाल्या, "पेढा दिला तवाच मला कळलं हुतं. उन्हातनं आलेलं मानूस, त्याला न्हाई कसं म्हनायचं, म्हनून अंगठा दिला. पन ह्यांना सांगू नगंस. मला काय कळत न्हाई, म्हनून तर ह्ये घराभाईर पडत्यात. दोघांनी बी संशय घेतला असता तर कडी लावून बसायचं, दुसरं काय?" बायकोनं ते मला सांगितलं. मामांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

मामी गेल्यावर काही महिन्यांनी मी सोनईला गेलो. मामींचे शेअर मामांच्या नावावर करून घ्यायचे होते. तसा अर्ज मी तयार करून नेला होता. दाराला कुलूप होतं, पण ते उघड्या कडीत नुसतं अडकवलेलं, आणि किल्ली शेजारच्या खुंटीवर. मी ती काढली नाही. दार लोटलं तर मामा आत बसलेले. त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि स्वतःचा कप स्वतःच प्याले. मी अर्ज काढला, सही इथं, असं म्हणालो. सहीच्या वर तळहाताएवढी कोरी जागा होती, टायपिस्टची चूक. मामांनी कागद उलटा करून बघितला नाही, काय आहे विचारलं नाही, रेघही मारली नाही. मी बोट ठेवलं तिथं सही केली आणि पेन परत दिलं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मामींच्या तेराव्यालासुद्धा मला तसं वाटलं नव्हतं.

मग मीच माझ्या पेनानं त्या कोऱ्या जागेवर रेघ मारली. मागच्या बाजूवर मारली. आणि म्हटलं, मामा, मी वाचून दाखवतो, ऐका. ते नको म्हणाले तरी मी वाचत सुटलो, मोठ्यानं, कोर्टात वाचतात तसं, एकही शब्द न गाळता. अर्जदार, राहणार, धंदा शेती, सगळं. मामा खिडकीबाहेर बघत होते. समोर गोठ्याच्या खिडकीला ते जुनं माहितीपत्रक अजून चिकटलेलं होतं, उन्हानं पिवळं पडलेलं. "तरी मयत सभासदाचे नाव कमी करून," इथपर्यंत मी आलो आणि मामांनी हात वर केला.

"काय करून?"

मी सांगितलं की कंपनीच्या सभासदांच्या यादीत मामींचं नाव आहे, ते काढतात आणि त्या जागी तुमचं घालतात. कायदाच तसा आहे.

"मंग सभंची नोटीस?"

"ती तुमच्या नावानं येईल."

मामांनी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला. उन्हाकडे धरला, आरपार बघितला, माझ्याकडे बघितलं. जुनी नजर, कोर्टातल्या मागच्या बाकावरची. मग कागदाची घडी घालून टॉवेलात ठेवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "वर्सातनं एकदा तिच्या नावानं टपाल येतंय."

वकील म्हणून मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं, की अशानं लाभांश अडकून पडेल, मत देता येणार नाही, उद्या वारसांना त्रास होईल. मी पेनाला टोपण लावलं. दरवर्षी पावसाळा सरला की पोस्टमन सोनईला ते पाकीट आणून देतो. मामा त्याला ते मामींचं नाव मोठ्यानं वाचायला लावतात, बरोबर आहे का बघतात, आणि न फोडता भिंतीतल्या दिवळीत ठेवून देतात.